खेळणारं पोरगं गिऱ्हाईकही असतं

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की बेळगावात बोलणं दोनच वाटांनी जातं. पोरं वाया चालली ही एक वाट, आणि सरकारने हे सगळं एकदाचं बंद करावं ही दुसरी. पहिलं घरात ऐकू येतं, दुसरं सभेत. २०१९ साली शहरालगतच पबजी या मोबाइल गेमच्या नादातून जे भयंकर घडलं, पोराने बापाचाच जीव घेतला, त्यानंतर आईबापांनी या विषयाकडे वेगळ्या अंगाने पाहावं अशी अपेक्षा करणंही अवघडच आहे. तरी एक गोष्ट राहून जाते. त्या मोबाइलवर, त्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) पैसे खर्च होत असतात. बापाच्या यूपीआयवरून का होईना, खरेदी झालेली असते. गणपत गल्लीत भाजीवाल्याने वजनात मारलं तर तिथल्या तिथं आवाज चढवणारे आपण. पण पोराने हजारो रुपयांचा गेम घेतला आणि तो चाललाच नाही, तर "बरं झालं, अक्कल आली" म्हणून मोकळे होतो. पोरगं व्यसनी असेल नाहीतर अजाण असेल. ते गिऱ्हाईक असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही.

कंपन्यांच्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलेलं असतं.

जगभरच्या खेळणाऱ्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत बड्या गेम कंपन्यांविरुद्ध जो आरडाओरडा केला, त्याला पोरकटपणा म्हणून हसण्याऐवजी ग्राहक चळवळ म्हणून वाचायला हवं, असं माझं म्हणणं आहे. तसं वाचलं की तिचा जोर कुठं आहे आणि ती कुठं लुळी पडते, दोन्ही दिसतं. पैसे द्यायचे बाकी असतात तोवर हा राग कंपनीला वाकवतो. पैसे गेल्यावर मात्र कायदा पाठीशी नसेल तर त्याला कुणी विचारत नाही. आणि तो कायदा आपल्या देशात बऱ्यापैकी आहे. वापरणारं कुणी नाही.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण नोव्हेंबर २०१७ मधलं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या अमेरिकी कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' बाजारात येणार होता. किंमत साठ डॉलर; म्हणजे पुरते पैसे मोजून घ्यायचा गेम, फुकटातला नव्हे. तरीही डार्थ व्हेडर, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमांतला खलनायक, ज्याच्यासाठी निम्मी पोरं तो गेम घेणार होती, तो कुलपात. कुलूप उघडायला गेममधली ६०,००० नाणी हवीत. एका खेळाडूने गणित मांडून दाखवलं की तेवढी जमवायला सुमारे ४० तास खेळावं लागेल. तेवढा धीर नसेल तर आणखी पैसे देऊन पेट्या घ्या, आणि पेटीतून काय निघेल ते तुमचं नशीब. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर तक्रार आली तेव्हा कंपनीच्या माणसाने उत्तर दिलं, की कष्टाने पात्र मिळालं की खेळाडूला अभिमान आणि काहीतरी कमावल्याचं समाधान वाटावं असा आमचा हेतू आहे. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीचे कौल पडले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

पुढं कंपनीने काय केलं ते जास्त बघण्यासारखं आहे. पात्राचा भाव तिने ६०,००० वरून १५,००० वर आणला. वाहवा झाली. पण मुख्य कथा पूर्ण केल्यावर जी २०,००० नाणी मिळायची होती, तीही त्याच दमात ५,००० वर उतरवली. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने तेवढ्याच प्रमाणात काढून घेतलं. हेही खेळणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नाही, आणि ओरड दुप्पट झाली. अखेर गेम दुकानात यायच्या आदल्या दिवशी, १६ नोव्हेंबरला, आतली पैशाची विक्री कंपनीने थांबवली. महिना संपेपर्यंत तिच्या बाजारमूल्यातून सुमारे तीन अब्ज डॉलर उतरले होते.

ज्यांना आपण टवाळ म्हणतो त्या पोरांनी इथं काय केलं बघा. किंमत आणि बक्षीस दोन्ही आकडे शेजारी मांडून हिशेब तपासला, सवलतीतली मखलाशी पकडली, आणि कंपनीला सगळ्यात जास्त दुखेल त्या आठवड्यात दाबलं. बँकेच्या पासबुकातल्या कपाती आपण स्वतः इतक्या बारकाईने कधी तपासल्या आहेत?

इथं थांबलं तर गोष्ट छान होते. पण त्याच कंपनीच्या फिफा या फुटबॉलच्या गेममध्ये तशीच नशिबाची पाकिटं विकली जात होती, आणि विकली जात राहिली. २०२०-२१ च्या आर्थिक वर्षात 'अल्टिमेट टीम' या एका प्रकारातून ईएला १६२ कोटी डॉलर मिळाले. साडेसहा लाख कौलांनी ही पाकिटं थांबली नाहीत. ती थांबवली बेल्जियमने. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जेमतेम अडीचपट लोकवस्तीचा देश. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या जुगार आयोगाने पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्या हा जुगार ठरवला. ईएने काही महिने ताणून धरलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या देशापुरती विक्री बंद केली. अर्थात कायदा झाला म्हणजे भागलं असंही नाही. पुढं एका संशोधकाने तपासलं तेव्हा तिथल्या सर्वाधिक कमाईच्या १०० आयफोन गेमपैकी ८२ मध्ये नशिबाचा हा धंदा चालूच होता. बड्या नावाने माघार घेतली, बाकीचे गर्दीत निसटले.

याच ईएला कन्झ्युमरिस्ट या अमेरिकी ग्राहक संकेतस्थळाच्या वाचकांनी २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षं देशातली सर्वांत वाईट कंपनी ठरवलं होतं, तेही बँक ऑफ अमेरिकेला मागे टाकून. तेव्हा पुष्कळ जण हसले. गृहकर्जाच्या गोंधळात लोकांची घरं गेली त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि हे म्हणे गेमवाले बँकेपेक्षा वाईट! हसणं रास्तच होतं. पण त्यातून एवढं मात्र कळतं, की घर गमावलेली माणसं विखुरलेली होती आणि खेळणारे एकत्र होते. आणि या 'सर्वांत वाईट' कंपनीचं पुढं काय झालं? सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आणि दोन अमेरिकी गुंतवणूक कंपन्यांनी तिला ५५ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा करार जाहीर केला. अशी कंपनी खाजगी मालकीची झाली की शेअर बाजारातला रोजचा भावही नाही. २०१७ मध्ये ज्या जागी चिमटा बसला, ती जागाच नाहीशी होते.

जून २०१३ मधलं दुसरं एक प्रकरण मला आपल्या भागाच्या जास्त जवळचं वाटतं. मायक्रोसॉफ्टने आदल्या महिन्यात एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला होता, त्याच्या अटी आता कळल्या त्या अशा: यंत्राने २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि घेतलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची किंवा विकायची असेल तर ती कंपनीच्या नियमांतून. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने सांगितलं, त्यांच्यासाठी आमचं जुनं यंत्र आहेच की. हे उत्तर पावसाळ्यात जांबोटीत नाहीतर कणकुंबीत बसून वाचावं. वीज गेली की दुसऱ्या दिवशीही येईल याची खात्री नाही, आणि रेंज घरातल्या एकाच खिडकीत, तीही वारा असेल तशी.

डिस्कचंही तसंच. आमच्याकडे कन्सोलचा बाजार जुन्या डिस्कवरच उभा राहिला. नवी डिस्क घेणार कॅम्पातला किंवा टिळकवाडीतला कुणीतरी, ज्याच्या घरी ते परवडतं. गेम संपला की ती दुकानात परत येते. दुकानदार ट्यूबच्या उजेडात ती तिरपी धरतो, चरे बघतो, शर्टाच्या टोकाने एकदा पुसतो, पुन्हा धरतो, आणि निम्म्याच्या आसपास भाव सांगतो. मग ती अनगोळला जाते, तिथून वडगावात विणकराच्या घरी, मग पाहुण्यांच्या पिशवीतून निपाणीला नाहीतर गडहिंग्लजला. पाचव्या-सहाव्या हाताला ती चारपाचशेत मिळते, आणि त्या पोराचं समाधान पहिल्या पोरापेक्षा रतीभरही कमी नसतं. (या व्यवहारात मराठी-कानडी वाद कुणी काढलेला मी अजून ऐकला नाही. वाद एवढाच, की चरा आधीचा की तुझ्या हातचा.) मायक्रोसॉफ्टच्या अटी टिकल्या असत्या तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

त्या टिकल्या नाहीत. दोन आठवड्यांच्या आत, १९ जूनला, कंपनीने दोन्ही मागे घेतल्या. कारण निव्वळ ओरड नव्हती. शेजारी सोनी उभी होती. आमच्या यंत्रावर डिस्क खुशाल द्या-घ्या असं ती जाहीर सांगत होती, वर शंभर डॉलरने स्वस्त. गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जाऊ शकत होतं, आणि यंत्र विकायचं अजून बाकी होतं. या दोन गोष्टी नसत्या तर नुसत्या संतापाने काय झालं असतं, याची मला शंका आहे. आणि पुढं २०२० साली जी नवी यंत्रं आली, त्यांत दोन्ही कंपन्यांनी डिस्कची खाचच नसलेली स्वस्त आवृत्ती काढली. जे ओरडून दारात अडवलं होतं ते सात वर्षांनी स्वस्ताईच्या रूपाने घरात आलं, आणि कुणी ओरडलं नाही.

विकत घेतल्यानंतरची गोष्ट याहून वाईट. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला मेला. एकट्याने खेळता येईल असा त्याचा मोठा भाग होता, पण कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच होत नसे. सर्व्हर बंद, गेम बंद. डिस्क शाबूत, डबा शाबूत, आत काही नाही. कंपनीचं म्हणणं, तुम्ही गेम घेतलाच नव्हता, वापरायचा परवाना घेतला होता.

असं काही झालं की कंपन्या तांत्रिक अडचण पुढं करतात. ईएने मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' काढला तेव्हाही हेच झालं. इंटरनेटशिवाय न चालणारा गेम, पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडलेले, आणि ऑफलाइन करून देणं फार मोठं काम असल्याचा खुलासा. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तोच गेम ऑफलाइन चालू लागला. तेव्हा 'शक्य नाही' हे उत्तर आलं की त्यावर तारीख लिहून ठेवावी.

'द क्रू'नंतर रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. तिची मागणी साधी आहे: बंद करायचा तर करा, पण विकलेला गेम काही ना काही रूपात चालता राहील अशी सोय करून जा. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. युरोपीय संघाकडे दाद मागायला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, २०२४ मध्ये, कायदा केला की परवानाच देत असाल तर तसं ठळक सांगा, नुसतं 'विकत घ्या' लिहून फसवू नका. आता या दोन गोष्टींची २०१७ च्या कौलांशी तुलना करा. तिथं कंपनीने दिलं तेवढं मिळालं. इथं मागणी लेखी आहे, तिला मुदत आहे, आणि ती ज्याच्यापुढं ठेवली त्याला उत्तर देणं भाग आहे.

आता या रागाची घाणेरडी बाजू. ती झाकून चळवळीची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. २०१४ च्या 'गेमरगेट' या ऑनलाइन मोहिमेत गेम बनवणाऱ्या आणि त्यावर लिहिणाऱ्या बायकांना जिवे मारण्याच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या. ग्राहकहक्काशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दुसरं उदाहरण जास्त जवळचं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी करायला घेतली होती. सप्टेंबर २०२० मध्ये झलक आली, आणि चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगभर चेष्टा झाली. तारीख पुढं गेली, आणखी पुढं गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे दिलं गेलं. गोगट्याला किंवा जीआयटीला शिकलेली आपली पोरं नोकरीला पुण्यालाच जातात. पैसे किती द्यायचे, माणसं किती, मुदत किती, हे पुण्यात ठरत नव्हतं; शिव्या मात्र पुण्यात पोचल्या. खेळणारा चिडतो कंपनीवर, आणि त्याच्या टप्प्यात येतो तिथला नोकर. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातली १,९०० माणसं काढायचं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात सोनीने ९००. यांतला कुणी डार्थ व्हेडरचा भाव ठरवायला बसला असेल असं वाटत नाही.

म्हणूनच मला मे २०२४ मधलं 'हेलडायव्हर्स टू' प्रकरण आवडतं. संगणकावर हा गेम घेतलेल्यांनी आता सोनीचं खातं काढलंच पाहिजे, असं सोनीने मध्येच सांगितलं. ज्या देशांत सोनीचं खातंच मिळत नाही, अशा दीडशेहून अधिक देशांतल्या लोकांचा गेम यात अडकणार होता. भारतात खातं मिळतं. अमेरिकेत मिळतं. म्हणजे इथल्या खेळाडूंना वैयक्तिक त्रास काय, तर एक फॉर्म भरायचा. तरीही लाखोंनी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नापसंती नोंदवली, पैसे परत मागितले, आणि तीन-चार दिवसांत सोनीने अट मागे घेतली. माझं चालतंय, तुझं तू बघ, असं ते म्हणाले नाहीत. आणि मुख्य म्हणजे शिव्यांपेक्षा परताव्याचे अर्ज जास्त बोलले.

निपाणीकडच्या वाचकांना यात ओळखीचं काही दिसेल. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. शरद जोशींचं नेतृत्व होतं, शेवट गोळीबारात झाला, माणसं गेली. पोटाच्या लढ्याची बरोबरी खेळाशी करायची नाही. ती होतही नाही. पण डावपेच म्हणून बघा. तंबाखूचा व्यापारी भाव पाडत होता, वजनात मारत होता, हे त्याआधीही कैक वर्षं चाललेलं होतं, आणि त्याबद्दलचा रागही कैक वर्षांचा होता. सरकारला हलवलं ते हमरस्त्याने. खेळणाऱ्यांचा हमरस्ता म्हणजे आगाऊ नोंदणी, परतावा आणि पहिल्या आठवड्यातला शेरा. ही वाट विक्री होईपर्यंतच अडवता येते. विक्रीनंतर दुसरा रस्ता शोधावा लागतो, आणि तो कोर्टकचेरीकडे जातो.

आपल्याकडे मात्र सरकारचा हात एकाच बटणावर असतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी, कारण चीन. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हा पबजीचाच भारतासाठीचा अवतार आला, जुलै २०२२ मध्ये तोही अडवला, मे २०२३ मध्ये परत सोडला. कर्नाटकाने २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर स्वतःचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने तसलाच बंदीचा कायदा देशभर केला. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या पायी आपल्या भागातही घरं बसली आहेत. त्या बंदीला माझा विरोध नाही. पण एवढ्या चढउतारात ज्यांनी पैसे भरून आत काही घेतलं होतं त्यांचं काय, हा प्रश्न कुणाला पडला होता? पबजी बंद झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, पण टाळ्या वाजवून झाल्यावर हिशेब कुणी मागितला नाही, हेही खरंच.

वास्तविक हिशेब मागायची सोय आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. ऑनलाइन खरेदी करणारा त्यात ग्राहकच आहे. कंपनी सिंगापूरची असो नाहीतर कॅलिफोर्नियाची, तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचा व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते. म्हणजे खानापूरच्या माणसाने बेळगावात यायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. सारखी तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकालाही जाता येतं. करारात वाद लवादाकडेच न्यायचा असं कलम घातलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडायची मुभा देणारं कलम 'अन्याय्य करार' या व्याख्येत बसतं. फक्त ही अन्याय्य कराराची दाद जिल्ह्यात मिळत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि त्याचं मुख्यालय बंगळूरला. पाचशे किलोमीटर. बेळगावकराला यात नवीन काही नाही.

वर ३० नोव्हेंबर २०२३ पासून केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने फसव्या रचनेचे १३ प्रकार नावानिशी मनाई केले आहेत. खोटी घाई लावणं, सदस्यत्वातून बाहेर पडू न देणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं. कुठलाही लोकप्रिय मोबाइल गेम उघडा आणि यादी हातात घेऊन बसा.

माझा भाचा खानापूर तालुक्यातला. बारावी झाला, आता बेळगावात कामाला आहे. एका मोबाइल गेममध्ये त्याने वर्ष-दीड वर्षात थोडे थोडे करत बरेच पैसे घातले होते, स्वतःच्या पगारातले. एके दिवशी खातं बंद. नियमभंग झाला म्हणे. कुठला नियम, कधी, काय केलं, काही नाही. त्याने विचारलं तर यंत्राने उत्तर पाठवलं: आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, निर्णय अंतिम आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, स्वल्पविरामासकट. "मामा, पैसे गेलेत की ओ. पोलिसात द्यायचं काय?" त्याच्या आईचं म्हणणं वेगळं: "गेले तर जाऊ देत. परत घालणार नाही ना, मग झालं." माझ्या ताईचं हे वाक्य म्हणजे आपल्या सगळ्या समाजाचं या विषयावरचं धोरण आहे. त्यावर कंपन्या जगतात.

खात्यात खरंच गडबड केली होती का, हेही मी त्याला विचारलं. नाही म्हणाला. मी त्याची बाजू शंभर टक्के खरी धरून चाललेलो नाही. पण काय केलं हे न सांगता शिक्षा करायची, हे सरकारने केलं तर आपण मोर्चा काढतो. कंपनीने केलं तर तिच्या पानभर अटींखाली आपण आधीच बोट टेकवलेलं असतं. सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून या भागात किती निवेदनं गेली, किती जणांवर खटले झाले. आणि हा पन्नास पानी इंग्रजी कागद सगळ्यांनी न वाचता मान्य केला आहे.

एक आक्षेप वकील मित्र घेतात: दोन-तीन हजारांसाठी कोण वर्षभर तारखा मोजणार? कायद्यात मुदत तीन महिन्यांची आहे आणि ती पाळली जात नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच हे एकट्याच्या तक्रारीचं काम नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हाही साखर, तेल, कापड असल्या किरकोळ खरेदीचाच प्रश्न होता. एकेकट्याचं नुकसान किरकोळ, सगळ्यांचं मिळून मोठं. आपल्या गल्लीगल्लीत युवक मंडळं आहेत. गणपतीची वर्गणी, शिवजयंतीची मिरवणूक, रक्तदान, सगळं त्यांना जमतं. त्यांच्या निम्म्या सभासदांच्या मोबाइलवर हे गेम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षभर निवेदनं देणाऱ्या या मंडळांपैकी एकाने जरी सारख्या तक्रारींची फाइल बांधली, तर तीस-चाळीस जणांचा एक अर्ज होतो, आणि तो कंपनीच्या वकिलाला वाचावाच लागतो. खातं बंद करायचं तर कारण लेखी द्या. गेम बंद करायचा तर सहा महिने आधी सांगा, आणि त्या मुदतीत आत काही विकू नका. उरलेल्या नाण्यांचे पैसे परत करा. अटींचा सारांश ग्राहकाच्या भाषेत द्या. यांतलं काहीही अवाजवी नाही. विम्याच्या आणि बँकेच्या धंद्यात अशी बंधनं फार आधीच आली.

भाच्याला मी पोलिसात जाऊ दिलं नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात, की कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर केला पाहिजे, ४८ तासांत पोच दिली पाहिजे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढली पाहिजे. त्या गेमच्या संकेतस्थळावर हा अधिकारी शोधता शोधता आम्हा दोघांची संध्याकाळ गेली. सापडला तळाशी, राखाडी अक्षरात. त्याला मेल गेली आहे. सोबत यूपीआयच्या नोंदी, खातं बंद झाल्याचा संदेश आणि यंत्राची ती दोन जुळी उत्तरं. दरम्यान पोराने आपल्या गटात विचारलं तर तसाच संदेश आलेले आणखी काही जण निघाले, एक हुक्केरीचा, दोघे चंदगडचे. चंदगडवाल्यांना कोल्हापूरच्या आयोगात जावं लागेल, हे त्यांना समजावून सांगायचं काम सध्या चालू आहे. महिना भरला की बेळगावचा अर्ज पोर्टलवर चढेल.